आखाड्याच्या छपरावरील ऊन

सूर्याला अर्घ्य देऊन दिवसास आरंभ करण्याची चाल ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या घरांना सूर्याचें माहात्म्य कोणी नव्यानें सांगावें असें नाहीं. परंतु ज्या सूर्याला आपण ओंजळभर पाणी अर्पण करतों, तोच आतां शेतांतील विहिरीचें पाणी वर काढून देऊं लागला आहे, ही गोष्ट मात्र नवी आहे. आणि घरांतील वडील मंडळींनीं व कर्त्या मुलांनीं एकत्र बसून विचार करावा इतक्या महत्त्वाची आहे. परभणी जिल्ह्यांत सेलूहून वालूरकडे जातांना, किंवा पलीकडे जिंतूरच्या डोंगराळ भागांत शिरतांना, लोखंडी खांबांवर तिरप्या बसविलेल्या काळ्यानिळ्या प्लेटा आतां ठिकठिकाणीं दृष्टीस पडतात. कोठें त्या शेताच्या कडेला असतात, कोठें गोठ्याच्या पत्र्यावर, कोठें राहत्या घराच्या गच्चीवर. त्या पाहून आपल्याहि शेतावर तसें करावें असें ज्यांच्या मनांत येतें, परंतु निश्चय होत नाहीं, अशा कुटुंबांसाठीं हा लेख आहे.

आरंभींच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आमच्या भागांत शेतांतील वस्तीला आखाडा म्हणतात. पुण्या-मुंबईकडील वाचकांना हा शब्द ऐकून कुस्ती आठवेल. परंतु आमचा आखाडा म्हणजे गोठा, कडब्याची गंजी, अवजारें ठेवण्याची खोली, आणि सालगड्याच्या कुटुंबापुरता निवारा. घर गांवांत आणि आखाडा शेतांत, अशी ही जुनी व्यवस्था आहे. गांवांतील घराला विजेची जोड सहज मिळाली. आखाड्याला ती मिळावयास बरींच वर्षें लागलीं, आणि मिळाली तरी ती भरंवशाची झाली असें नाहीं.

रात्रीचें पाणी

सौर विजेचा पहिला लाभ कोणता असें विचारलें, तर बहुतेक लोक बिलाची बचत सांगतात. राहत्या घरापुरतें तें खरें आहे. शेतीच्या पंपापुरतें तें फारसें खरें नाहीं. एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पांच वर्षांसाठीं मोफत वीज देण्याची योजना सुरू केली. तेव्हां लहान शेतकऱ्याला आज काळजी आहे ती विजेच्या बिलाची नव्हे, तर तिच्या वेळेची.

शेतीच्या वाहिनीवर वीज कांहीं दिवस दिवसां आणि कांहीं दिवस रात्रीं, अशी पाळीपाळीनें देण्याची पद्धति महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आलेली आहे. ज्या आठवड्यांत रात्रीची पाळी येते, त्या आठवड्यांत हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यावयाचें तें रात्रींच. पौष महिन्याची थंडी, हातांत विजेरी व काठी, पाय चिखलांत, आणि बांधावरच्या गवतांत काय बसलें आहे याची कल्पना नाहीं, अशा स्थितींत माणूस एका वाफ्याचें पाणी दुसऱ्या वाफ्याला वळवीत असतो. मण्यार तर रात्रींच हिंडणारी; घोणस गवतांत निपचित पडलेली. मध्येंच वीज गेली म्हणजे ती येईपर्यंत तेथेंच थांबावें लागतें, कारण पंप पुन्हां सुरू झाल्यावर पाणी भलतीकडे गेलें तर एका रात्रीचें नव्हे, सबंध हंगामाचें नुकसान व्हावयाचें. इकडे घरीं आई किंवा पत्नी जागी असते. तिच्या त्या जागरणाची नोंद कोणत्याहि हिशेबाच्या वहींत होत नाहीं.

सूर्यावर चालणारा पंप रात्रीं चालूंच शकत नाहीं. कित्येकजण हा त्याचा दोष समजतात. माझ्या मतें हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. जें काम दिवसाचें आहे तें दिवसां व्हावें आणि रात्र विश्रांतीसाठीं उरावी, ही सृष्टीची मूळची वांटणी हा पंप परत आणून देतो. गोठ्यावर किंवा आखाड्यावर प्लेटा बसवाव्यात कीं नाहीं याचा विचार करतांना रुपयांच्या आधीं ही गोष्ट तागडींत घालावी, असें मला वाटतें.

बारवेपासून प्लेटेपर्यंत

पाणी वर काढण्याचा इतिहास वालूरच्या माणसाला पुस्तकांत शोधावा लागत नाहीं. येथील जुनी चक्राकार बारव प्रसिद्ध आहे. तिच्या पायऱ्या सरळ रेषेंत न उतरतां गोल वळसा घेत पाण्याकडे जातात. ही बारव कित्येक वर्षें गाळानें व कचऱ्यानें भरून गेली होती. अलीकडच्या काळांत गांवकऱ्यांनीं ती मोकळी केली, आणि आतां दूरदूरची माणसें ती पाहावयास येतात. बारवेंत माणूस स्वतः पाण्यापर्यंत उतरत असे. पुढें शेतीच्या विहिरीवर मोट आली, आणि धावेवरून उतरणारे बैल नाडा ओढून पाणी थारोळ्यांत आणून ओतूं लागले. मग ऑइल इंजिन आलें, त्यानंतर विजेची मोटर. प्रत्येक पायरीवर माणसाचे व जनावराचे श्रम कमी झाले, परंतु प्रत्येक पायरीवर तो दुसऱ्या कोणावर तरी अधिक अवलंबून राहूं लागला: आधीं तेलाच्या दुकानदारावर, मग दूरच्या वीजकेंद्रावर.

उन्हाच्या बळावर पंप चालविण्याची कल्पना मात्र वाटते तितकी नवी नाहीं, आणि तिचा एक आरंभींचा प्रयोग आपल्याच मुंबईंत झालेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. विल्यम अ‍ॅडम्स नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें मुंबईस कुलाब्याला पुष्कळ सपाट आरसे एका चौकटींत उभे करून त्यांचें ऊन एका बाष्पपात्रावर एकवटलें, आणि त्या वाफेवर सुमारें अडीच अश्वशक्तीचें इंजिन चालवून त्यानें पंप ओढून दाखविला. या विषयावरील त्याचें पुस्तक १८७८ सालीं मुंबईंतच छापलें गेलें. उष्ण देशांत सूर्य हाच जळणाला पर्याय होय, असें त्याचें म्हणणें होतें. तो प्रयोग पुढें मागें पडला, कारण आरसे सूर्याबरोबर सतत फिरवावे लागत आणि वाफेचें यंत्र सांभाळावयास जाणता माणूस लागे.

आजची प्लेट याहून अगदीं निराळ्या तत्त्वावर चालते. तिच्यांत वाफ नाहीं, फिरणारा भाग नाहीं, आवाज नाहीं. कांहीं पदार्थांवर उजेड पडला असतां वीज उत्पन्न होते, ही गोष्ट बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानांत १८३९ सालीं आली. आणि व्यवहारांत उपयोगीं पडेल असा सिलिकॉनचा पहिला सौर घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं करून दाखविला. सिलिकॉन म्हणजे आपल्या नदीच्या वाळूंत असणारेंच मूलद्रव्य. मात्र तें अत्यंत शुद्ध करावें लागतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४२–४३ अंशांच्या पुढें जातो, तेव्हां प्लेटांनीं सर्वांत अधिक वीज द्यावी असें लोकांना वाटतें. प्लेटेला उजेड हवा असतो, उष्णता नव्हे. प्लेटेची शक्ति २५ अंश उष्णतेवर मोजून तिच्या पाठीवर लिहिलेली असते, आणि त्यापुढें प्रत्येक अंशाला ती सुमारें शेंकडा तीन-चार दशांश इतकी घटते. वैशाखाच्या दुपारीं प्लेट स्वतः ६५ अंशांपर्यंत तापली, तर तिची शक्ति सुमारें सातव्या हिश्शानें कमी होते. म्हणून प्लेटांच्या खालून वारा खेळता राहिला पाहिजे. पत्र्याला चिकटवून बसविलेली प्लेट गुदमरते. उलट, मार्गशीर्ष-पौषांतील निरभ्र आणि थंड दिवस तिला मानवतात; आणि ज्वारी, हरभरा, गहू यांना पाण्याची गरज असते तीहि त्याच दिवसांत. रब्बीच्या शेतकऱ्याला हा योग फार सोयीचा आहे.

आधीं छप्पर पाहावें

प्लेटा कोणत्या छपरावर बसवावयाच्या, हा प्रश्न विकणाऱ्यापेक्षां घरधन्यानेंच आधीं पाहिला पाहिजे. आजकालची एक मोठी प्लेट सुमारें साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाची असते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, आणि त्यापासून वर्षाचें मान धरलें असतां दिवसाला सुमारें चार युनिट वीज मिळते.

आमच्या भागांतील जुन्या घरांवर माळवद असतें: लांकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काड्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. या छपरावर प्लेटा बसवूं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. मातीचें वजन तुळया आधींच वाहत असतात. त्यांत खांब रोंवण्यासाठीं भोंक पाडलें कीं पहिल्याच पावसांत गळती लागते, आणि लांकूड कुजतें तें वरून दिसत नाहीं. माळवदाच्या घरासाठीं अंगणांत अथवा परसांत स्वतंत्र लोखंडी मांडव उभा करावा. त्याच्या सांवलींत जनावरें बांधतां येतात, हा त्याचा अधिक लाभ.

गोठ्याच्या पत्र्यावर बसवावयाच्या असतील, तर पत्र्याचा भरंवसा धरूं नये. प्लेटांची चौकट पत्र्याखालील लोखंडी आडव्यांना बोल्टांनीं पकडली पाहिजे. वळवाच्या आधीं येणारें वादळ खालून वारा घालून पत्रेच्या पत्रे उडवून नेतें, हें प्रत्येक उन्हाळ्यांत कोठें ना कोठें दिसतें. प्लेटा बसविल्यावर तर त्या वाऱ्याला धरावयाला आणखी मोठें शीड मिळतें. मात्र नीट बसविलेल्या प्लेटांमुळें पत्र्यावर थेट ऊन पडत नाहीं, आणि खालच्या जनावरांना वैशाखांत थोडा थंडावा मिळतो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यांत झालेली गारपीट ज्यांनीं पाहिली, ते गारांविषयीं विचारल्यावांचून राहणार नाहींत. प्लेटेची कांच कडक केलेली असते व लहान गारा ती सोसते. परंतु मोठ्या गारांपुढें कोणत्याहि कांचेची खात्री देतां येत नाहीं. यासाठीं विम्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे पुरे करूं नयेत.

जमिनीवर खांब उभे करावयाचे, तर काळ्या मातीचा स्वभाव ओळखावा. ती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. वरच्यावर पुरलेला खांब दोन वर्षांत कलतो. पाया मुरमापर्यंत न्यावा.

दिशा आणि उतार यांचें गणित सोपें आहे. वालूर सुमारें साडेएकोणीस अक्षांशांवर आहे. म्हणून प्लेट दक्षिणाभिमुख असावी आणि तिचा उतार वीस अंशांच्या आसपास असावा. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीं सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो, परंतु तेवढ्यासाठीं प्लेट फिरविण्याचें कारण नाहीं. खरी काळजी सांवलीची. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारींहि सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांपेक्षां वर येत नाहीं. तेव्हां दक्षिणेकडील चिंचेची किंवा कडुनिंबाची सांवली तिच्या उंचीइतकी लांब पडते, आणि सकाळीं नऊला त्याहून पुष्कळच लांब. प्लेटा एकापुढें एक सांखळीनें जोडलेल्या असतात. नांगराला चार जोड्या बैल जुंपले आणि त्यांतील एक लंगडा निघाला, तर साऱ्यांची चाल त्याच्यावर येते. तसेंच एका प्लेटेवर सांवली पडली कीं साऱ्या सांखळीचें बळ उतरतें. म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं हिंवाळ्यांतील एका दिवशीं सकाळीं नऊ, दुपारीं बारा आणि तीन वाजतां सांवल्या कोठवर येतात, तेथें खुणेचे दगड ठेवावेत. हें काम शाळेंत जाणाऱ्या मुलाला सांगितलें तर त्याचा भूगोलहि पक्का होईल.

डोंगरांतील आखाडे

सपाटीवरील गांवांपेक्षां डोंगराळ गांवांची गरज अधिक तीव्र असते. विजेच्या तारा तेथें झाडींतून व उतारांवरून लांबवर जातात. वादळांत एक खांब पडला कीं शेवटच्या वस्तीला पुष्कळ दिवस अंधार, आणि एरवींहि दाब इतका कमी कीं मोटर नुसती गुरगुरते. अशा ठिकाणीं जेथल्या तेथें निर्माण होणारी वीज ही चैन नव्हे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत मान्याचीवाडी नांवाचें एक लहान गांव आहे. गांवानें एकविचारानें घरोघरीं प्लेटा बसविल्या, शाळा व सार्वजनिक दिवेहि त्याच विजेवर आणले. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्यें राज्यांतील पहिलें सौरग्राम म्हणून त्याचा गौरव झाला. तेथें सूर्य कांहीं आमच्यापेक्षां अधिक प्रखर नाहीं, पाऊस तर कितीतरी अधिक. जें अधिक होतें तें गांवाचें एकमत.

परंतु जिंतूरकडील डोंगरांत पंपासाठीं प्लेटा बसविणाऱ्यानें एक हिशेब कागदावर मांडून पाहावा. एक अश्वशक्ति म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर वर उचलण्याचें बळ. पांच अश्वशक्तीचा पंप ४० मीटर उंचीवर सेकंदाला नऊ लिटरांहून थोडें अधिक पाणी चढवील, हें कागदावरचें गणित. पाइपांतील घर्षण व यंत्राची झीज वजा जातां प्रत्यक्षांत त्याच्या निम्म्याच्या आसपास धरावें. उंची दुप्पट झाली कीं पाणी निम्में. नाल्यांतील विहिरीचें पाणी टेकडीवरच्या शेतांत न्यावयाचें असेल, तर शेजाऱ्याच्या पंपाकडे पाहून आपला पंप ठरवूं नये. शिवाय अरुंद दरींत ऊन उशिरां येतें व लवकर जातें. तेथें प्लेटा विहिरीजवळ न बसवितां उताराच्या दक्षिण अंगावर बसवून तार खालीं आणणें अधिक हिताचें ठरतें.

घराचा हिशेब

सरकारी मदतीचे मार्ग मुख्यतः दोन आहेत, आणि त्यांची गल्लत होऊं देऊं नये. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही २०२४ मधील योजना विजेची पारंपरिक जोडणी नसलेल्या शेतकऱ्यांसाठीं निघाली. तींत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीच्या शेंकडा १० व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें शेंकडा ५ भरावयाचे असतात. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पांच एकरांपर्यंत पांचाचा आणि त्यापुढें साडेसाताचा पंप, असें तिचें मान आहे. आणि पांच वर्षांची देखभाल व विमा त्यांत अंतर्भूत आहे. दुसरी, फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेली केंद्र सरकारची ‘सूर्यघर’ योजना. ती राहत्या घरासाठीं आहे: एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोहोंना ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अशी तिची मदत ठरली. तीन किलोवॅटपासून दिवसाला सरासरी बारा युनिट वीज मिळते. दिवे, पंखे, शीतकपाट, गिरणी आणि गोठ्यांतील कडबाकुट्टी यांचा खर्च बेरजेंत धरून आपल्या घराला किती लागते, हें मागील बारा महिन्यांच्या बिलांवरून सहज काढतां येतें. दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी रोज तासभर चालली तरी तिला सुमारें दीड युनिटच लागते.

घरच्या प्लेटांविषयीं एक गोष्ट विकणारे सांगावयास विसरतात. सरकारी तारेला जोडलेली नेहमींची व्यवस्था, बाहेरची वीज गेली कीं भर उन्हांतहि आपोआप बंद पडते. हा बिघाड नव्हे. खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर आपल्या घरची वीज उलट जाऊं नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. वीज गेल्यावरहि दिवा लागावा अशी इच्छा असेल, तर बॅटरी व तिला चालणारा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. पंपाला मात्र बॅटरीची गरज नाहीं. शेताच्या उंच भागीं एक हौद बांधावा. दुपारीं तो भरला, म्हणजे पुढच्या पहांटे अथवा ढगाळ दिवशीं पाणी उतारानें वाफ्यांत येतें. हौद ही शेतकऱ्याची सर्वांत स्वस्त बॅटरी होय.

एकत्र कुटुंबांत आणखी कांहीं गोष्टी आधींच बोलून घ्याव्यात. सातबाऱ्यावर चार भावांचीं नांवें, एक आखाड्यावर, दोघे पुण्यांत आणि एक परदेशीं, ही आज अनेक घरांची स्थिति आहे. प्लेटेची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. इतक्या काळांत वांटण्या होतात, मुलें वेगळीं होतात. म्हणून संमतिपत्र लेखी असावें, पंप कोणाच्या नांवें व पाणी कोणाकोणाचें हें स्पष्ट लिहावें. हमीचे कागद, विमा, प्लेटांचे क्रमांक हें सर्व एका वहींत ठेवावें. चोरी झाल्यास क्रमांकांचाच उपयोग होतो. पंचवीस वर्षें टिकते ती प्लेट. कंट्रोलर आणि इन्व्हर्टर त्याआधीं बदलावे लागतात, म्हणून त्यासाठीं दरवर्षीं थोडी रक्कम बाजूला काढावी. आमच्याकडे वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसें व जनावरें दगावतात. तेव्हां तडितरक्षक आणि पक्कें अर्थिंग यांत काटकसर करूं नये.

प्लेटा पुसण्याचें कामहि कोणाचें तरी नेमलेलें असावें. नांगरटीची व खळ्याची धूळ बसली कीं वीज घटते. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं मऊ फडक्यानें पुसाव्यात; तापलेल्या कांचेवर थंड पाणी ओतूं नये; आणि विहिरीचें पाणी जड असेल तर तें कांचेवर वाळूं न देतां कोरडें करावें, नाहींतर क्षारांचे पांढरे डाग बसतात. सर्वांचें म्हणून ठेवलेलें काम कोणाचेंच होत नाहीं, हा एकत्र कुटुंबांतील सर्वांचाच अनुभव आहे.

ऊन अमाप, पाणी मोजकें

येथवर लाभ व सोयी सांगितल्या. आतां जी गोष्ट सांगणें मला सर्वांत अगत्याचें वाटतें, ती सांगून लेख पुरा करतों. विजेच्या पाळ्यांचा जाच खरा, परंतु त्या जाचामुळें नकळत विहिरींना विश्रांति मिळत होती. सूर्याचा पंप वर्षांतील बहुतेक दिवस सकाळपासून सायंकाळपर्यंत चालूं शकतो, आणि प्रत्येक तासाला वेगळे पैसे पडत नसल्यामुळें तो बंद करण्याचें कारण कोणाला उरत नाहीं. आमची जमीन काळ्या पाषाणाची आहे. पाणी राहतें तें मुरमाच्या थरांत आणि खडकाच्या सांध्यांत. तें जेवढें पावसाळ्यांत मुरलें तेवढेंच वर्षभर पुरवावयाचें असतें. २०१६ सालीं आपल्याच मराठवाड्यांतील लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. त्या वर्षीं ऊन कमी नव्हतें. 

बारवेंत उतरणाऱ्या माणसाला पाणी किती उरलें हें रोज डोळ्यांनीं दिसत असे. कालच्यापेक्षां आज एक पायरी अधिक उतरावी लागली, हें त्याचे पायच त्याला सांगत. मोट हांकणाऱ्याला नाड्याच्या लांबीवरून तें कळे. बटन दाबणाऱ्याला कांहींच कळत नाहीं. पाइपांतून हवा येऊं लागली म्हणजेच त्याला विहीर कोरडी झाल्याचें समजतें. म्हणून ज्यांच्या आखाड्यावर प्लेटा आल्या आहेत किंवा येणार आहेत, त्यांना माझी एक विनंति आहे. हातभर अंतरावर गांठी मारलेला एक दोर विहिरीजवळ टांगून ठेवावा. दर महिन्याच्या पहिल्या दिवशीं पाणी किती गांठी खालीं आहे तें पाहून घरांतील दिनदर्शिकेवर लिहावें. दिवाळीनंतर तो आंकडा पाहूनच रब्बीचें किती रान भिजवावयाचें तें ठरवावें. पाटानें पाणी सोडण्याऐवजीं ठिबक घालावें. आणि विहिरीला न झेपणाऱ्या उसाच्या मोहांत पडूं नये.

हा दोर व ही नोंद यांना फारसा खर्च नाहीं, आणि घरांतील दहा वर्षांचें मूलहि तें काम करूं शकतें. आज बसविलेल्या प्लेटा चालत असतांनाच तें मूल घरकर्तें होईल. त्याच्या हातीं दिवसां चालणारा पंप द्यावा, रात्रीची झोंप द्यावी, आणि त्याबरोबर पंचवीस वर्षांच्या पाण्याचा हिशेब लिहिलेली वहीहि द्यावी.